दप्तर उघडं, नाव झाकलेलं

कन्नड तालुक्यातल्या पिशोरहून केलेली तक्रार कुठे कुठे फिरून येते हे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला लोकायुक्तांच्या कायद्यातली गोपनीयतेची कलमं कोरडी वाटत नाहीत. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने छत्रपती संभाजीनगरला जातो. तिथे त्याच्यावर आवक क्रमांक पडतो, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असं पृष्ठांकन होतं आणि तो कन्नडच्या तहसिलीत नाहीतर पंचायत समितीत उतरतो. तिथून मंडळ अधिकारी किंवा विस्तार अधिकारी. त्यांना वस्तुस्थितीदर्शक अहवाल हवा असतो, आणि वस्तुस्थितीचे कागद ज्याच्या कपाटात आहेत तो बहुतेक वेळा तोच तलाठी किंवा तोच ग्रामसेवक असतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. अर्ज डोंगराची खांड ओलांडून पुन्हा पिशोरात येतो तेव्हा त्यावर अर्जदाराचं पूर्ण नाव, गट नंबर आणि मोबाइल नंबर जसाच्या तसा असतो. संध्याकाळपर्यंत ज्याला कळायचं त्याला कळलेलं असतं.

पुढचं कुणी कागदावर करत नाही. घरकुलाचा हप्ता अडकतो. सिंचन विहिरीच्या मस्टरवर नावं चढायला उशीर होतो. फेरफार ‘सर्कल साहेबांकडे’ आहे असं सांगितलं जातं, आणि सर्कल साहेब मीटिंगला गेलेले असतात. मग एखादे मामा, एखादे व्याही घरी येऊन बसतात: आपलाच माणूस आहे, कशाला वाढवता? आठ दिवसांनी अर्जदार दुसरा अर्ज देतो. माझी काही तक्रार नाही, पहिला अर्ज गैरसमजातून केला होता. फाइल बंद होते आणि निकाली निघालेल्या तक्रारींत एकीची भर पडते.

ही पुस्तिका अशा गावांतल्या वाचकांसाठी तयार झाली आहे. सरकारी कामकाजावर नजर ठेवणाऱ्या, सरकारच्या रोजच्या उतरंडीबाहेर उभ्या असलेल्या तपासकाला कायदा काय अधिकार देतो आणि कोणत्या गोष्टींबद्दल त्याला तोंड बंद ठेवायला लावतो, हा तिचा विषय. महाराष्ट्रात असा तपासक म्हणजे लोकायुक्त आणि उपलोकायुक्त. अधिकारांबद्दल लोक उत्साहाने बोलतात. गोपनीयतेचा भाग मात्र कायद्याच्या शेवटी येणारी औपचारिकता समजून सोडून देतात. मला ते उलटं वाटतं. कुठल्याही खात्याचं कुठलंही दप्तर उघडायचा अधिकार कायद्याने या माणसाला दिला तो, त्या दप्तरातलं आणि ते दाखवून देणाऱ्याचं नाव त्याने झाकून ठेवावं या बोलीवर. ही बोली मोडली तर अधिकार कागदावर राहतील, पण त्यांचा उपयोग करून घ्यायला पिशोरमधून कुणी पुढे येणार नाही.

या संस्थेचा उगम दूरचा आहे. १८०९ साली स्वीडनने राजाच्या अधिकाऱ्यांवर संसदेच्या वतीने देखरेख करणारा अधिकारी नेमला. दीडशे वर्षांत ही कल्पना फिनलंड, डेन्मार्क, न्यूझीलंड अशी पसरत गेली. भारतात मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने ऑक्टोबर १९६६ मध्ये नागरिकांच्या गाऱ्हाण्यांवर अंतरिम अहवाल दिला आणि केंद्रात लोकपाल, राज्यांत लोकायुक्त असावेत अशी शिफारस केली. केंद्राचा लोकपाल कायदा व्हायला २०१३ उजाडलं. महाराष्ट्राने मात्र वाट पाहिली नाही. ओडिशाने कायदा आधी केला होता, पण प्रत्यक्ष लोकायुक्त नेमून कार्यालय सुरू करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र ठरलं. १९७१ चा कायदा, २५ ऑक्टोबर १९७२ ला कामाला सुरुवात, आणि पहिले लोकायुक्त मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल.

१९७२ हे साल मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळी कामांवर लाखो माणसं खडी फोडत होती. हजेरीपट, मोजमाप, मजुरीचं वाटप, धान्याची कुपनं असा सरकार आणि उपाशी माणूस यांच्यातला सगळा व्यवहार मस्टरच्या कागदावर चालला होता. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत एक कार्यालय उघडावं आणि त्याला हे मस्टर मागवून पाहायचा अधिकार असावा, हा योगायोग असला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यातल्या माणसाचं सरकारशी नातं आजही बऱ्याच अंशी अशाच कागदांतून जातं: पंचनामा, पीक नुकसानीची यादी, अनुदानाची यादी, लाभार्थ्यांची यादी. यादीत नाव आहे की नाही आणि नसेल तर का नाही, एवढ्या दोन प्रश्नांत कित्येक कुटुंबांचं वर्ष अडकलेलं असतं.

आता अधिकारांकडे येतो. कायदा तक्रारींचे दोन प्रकार मानतो. एक गाऱ्हाणं: गैरकारभारामुळे, म्हणजे अवास्तव विलंबामुळे, पक्षपातामुळे किंवा चुकीच्या कार्यपद्धतीमुळे माझ्यावर अन्याय झाला. दुसरं अभिकथन, म्हणजे साध्या भाषेत आरोप: अमुक लोकसेवकाने पदाचा गैरवापर केला, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा फायदा करून दिला, भ्रष्टाचार केला. मंत्री आणि सचिव यांच्या कृती लोकायुक्तांकडे, बाकीच्या लोकसेवकांच्या उपलोकायुक्तांकडे. तलाठ्यापासून पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यापर्यंतचे सगळे त्यात येतात. १९७१ च्या कायद्याने मुख्यमंत्री, न्यायाधीश आणि आणखी काही पदं बाहेर ठेवली. तक्रार आली नाही तरी लोकायुक्त स्वतःहून चौकशी सुरू करू शकतात.

चौकशी सुरू झाली की त्यांच्या हातात दिवाणी न्यायालयाचे अधिकार येतात. साक्षीदाराला समन्स काढून बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागदपत्रं हजर करायला लावणं, कुठल्याही कार्यालयातले सरकारी अभिलेख मागवणं. त्यांच्यासमोर खोटी साक्ष देणं हा न्यायालयात खोटी साक्ष देण्यासारखाच गुन्हा. पण खरी ताकद पुढच्या तरतुदीत आहे, आणि वाचकाने ती सावकाश वाचावी. सरकारी नोकरावर एरवी गुप्तता पाळण्याचं जे बंधन असतं, मग ते कुठल्याही कायद्यातून किंवा नियमातून आलेलं असो, ते लोकायुक्तांच्या चौकशीपुरतं गळून पडतं. न्यायालयात सरकार एखादा कागद ‘विशेषाधिकार’ सांगून मागे ठेवू शकतं. इथे तोही चालत नाही. म्हणजे एखाद्या कारकुनाला ‘साहेबांनी सांगितलंय, दाखवायचं नाही’ असं म्हणण्याची सोयच कायद्याने ठेवलेली नाही. तो बोलला तर नियमभंग होत नाही, गप्प बसला तर होतो.

दोन दरवाजे मात्र बंद आहेत. देशाची सुरक्षा, संरक्षण, परराष्ट्र संबंध किंवा गुन्ह्यांचा तपास यांना बाधा येईल अशी माहिती, आणि राज्य मंत्रिमंडळाच्या कामकाजाची माहिती. यात मोडतं की नाही हे मुख्य सचिवांच्या प्रमाणपत्राने ठरतं, आणि ते प्रमाणपत्र अंतिम असतं. पहिला दरवाजा पिशोरच्या वाचकाच्या वाट्याला सहसा येणार नाही. दुसरा येऊ शकतो. एखाद्या धरणाची सुधारित किंमत, एखाद्या जमिनीचं वाटप मंत्रिमंडळात ठरलं असेल तर नेमकं कुणी काय म्हटलं ते लोकायुक्तांनाही कळू नये, ही सवलत मला फार सैल वाटते. तपासाधीन व्यवस्थेच्याच सर्वोच्च नोकराला कागद झाकण्याचा अंतिम अधिकार देणं म्हणजे कुलपाची किल्ली ज्याच्या घराची झडती आहे त्याच्याच कमरेला ठेवणं.

आणखी एक मर्यादा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने लोकायुक्तांना स्वतःचं पोलीस दल दिलेलं नाही. सरकारच्या संमतीने एखाद्या तपास यंत्रणेची मदत ते घेऊ शकतात, पण धाड घालायला, अटक करायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. लाच मागितल्यावर सापळा लावायचं काम लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं. १०६४ हा क्रमांक त्यासाठी आहे, आणि पुस्तिकेत ही दोन कामं वेगळी दाखवली आहेत ते बरं झालं. ताजी लाच मागितली जात असताना मुंबईला अर्ज पाठवून बसणं चूक, आणि तीन वर्षांच्या मस्टरची छाननी सापळ्याने होईल असं समजणंही चूक.

चौकशी संपल्यावर लोकायुक्त शिक्षा देत नाहीत, शिफारस करतात. आरोपाच्या प्रकरणात सक्षम प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत काय कार्यवाही केली ते त्यांना कळवायचं असतं. समाधान झालं नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, आणि तो सरकारच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे. अहवालापर्यंतचं सगळं बंद दाराआड आणि अहवालानंतरचं लोकप्रतिनिधींच्या समोर, असा हा क्रम आहे.

गोपनीयतेबद्दल कायदा काय म्हणतो? प्रत्येक चौकशी खाजगीत चालेल. तक्रारदाराची आणि ज्याच्याविरुद्ध चौकशी आहे त्या लोकसेवकाची ओळख चौकशीआधी, चौकशी चालू असताना किंवा नंतरही जनतेला किंवा वृत्तपत्रांना कळू द्यायची नाही. निश्चित सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर लेखी कारणं नोंदवून लोकायुक्त चौकशी खुली करू शकतात. चौकशीत हाती आलेली माहिती आणि नोंदवलेले जबाब लोकायुक्तांनी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनीही गोपनीय मानायचे. इतके की कुठलंही न्यायालय त्यांना त्याबद्दल साक्ष द्यायला किंवा ते कागद हजर करायला भाग पाडू शकत नाही. अपवाद कायद्याच्याच कामाचे: अहवाल लिहिणं, खोट्या साक्षीबद्दल कारवाई करणं. तुरुंगातल्या किंवा मनोरुग्णालयातल्या माणसाने लोकायुक्तांना पत्र लिहिलं तर तिथल्या अधिकाऱ्याने ते न उघडता, विनाविलंब पुढे पाठवायचं, अशीही तरतूद आहे. छोटी आहे, पण कायदा लिहिणाऱ्यांना कुणाची काळजी होती ते तिच्यातून दिसतं.

इथे वाचकाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण गावोगाव तिच्याबद्दल गैरसमज आहे. लोकायुक्तांकडची तक्रार निनावी नसते. आरोपाच्या तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आणि चौकशी करायचं ठरलं की तक्रारीची प्रत त्या लोकसेवकाला आणि त्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याला पाठवावी लागते, त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे कायदा तुमचं नाव गावापासून आणि पेपरवाल्यांपासून झाकतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्यापासून नाही. जिथे तक्रारदार आणि ग्रामसेवक एकाच टपरीवर चहा पितात, तिथे हा फरक किती मोठा आहे हे मला सांगायला नको.

मग प्रत पाठवण्याची ही तरतूद काढून टाकावी का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या शेजारच्या राज्यात घडलं आहे. कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बळ्ळारीच्या बेकायदा लोहखनिज उत्खननावर मोठं काम केलं. २०११ च्या जुलैत त्यांच्या अहवालातला मजकूर तो सादर होण्याआधीच फुटला आणि वाहिन्यांवर झळकला. २७ जुलैला अहवाल सरकारला मिळाला, ३१ जुलैला मुख्यमंत्री येडियुरप्पांना पद सोडावं लागलं. देशभर जल्लोष झाला. पण मार्च २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या अहवालावरून दाखल झालेला येडियुरप्पांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. त्यांचं म्हणणं ऐकून न घेताच अहवालात त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढले गेले, हा त्यातला एक मुद्दा होता. पुढे सीबीआयने चालवलेल्या खटल्यातही २०१६ साली ते निर्दोष सुटले. त्या प्रकरणातलं खरंखोटं काहीही असो, तपासकाने धरायचा बोध सरळ आहे. समोरच्याला प्रत दिली नाही, ऐकून घेतलं नाही, तर वर्षानुवर्षांची मेहनत एका निकालात वाहून जाते.

म्हणून उपाय प्रत न देण्यात नाही. प्राथमिक चौकशी प्रत पाठवण्याआधी करता येते, आणि कागदपत्रं सुरक्षित ताब्यात ठेवण्याचे आदेशही देता येतात. मस्टर, मोजमाप पुस्तिका, धनादेशांची नोंद आधी हाती आली असेल तर प्रत गेल्यानंतर तक्रारदारावर दबाव आणून फारसं साधत नाही, कारण पुरावा त्याच्या तोंडी साक्षीवर उभा नसतो. चांगला तपासक हा क्रम पाळतो. घाईचा तपासक आधी पत्र पाठवतो आणि मग कागद मागतो, तोवर कागद जळालेले किंवा पावसात भिजलेले असतात. अर्जदारानेही हे ध्यानात ठेवून अर्जात नेमक्या नोंदी, नेमक्या तारखा, नेमकं रजिस्टर लिहिलं तर लोकायुक्तांच्या कार्यालयाला कुठलं दप्तर आधी उचलायचं ते कळतं.

नाव फुटण्याची किंमत या देशाने मोजली आहे. सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात बिहारमध्ये सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होता. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घालण्यात आली. खटल्यात ती लूटमारीतली हत्या ठरली आणि तिघांना शिक्षा झाली. पण ते पत्र ज्यांच्या हातांतून गेलं त्यांतल्या एकालाही नाव झाकावंसं वाटलं नाही, ही गोष्ट कुठल्याच निकालाने पुसली जात नाही. त्यानंतर २००४ साली केंद्राने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगावर तक्रारदाराची ओळख जपण्याची जबाबदारी टाकली. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो अमलात आणण्याची अधिसूचना काढायची तेवढी राहून गेली.

आपल्याकडे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. जमिनींच्या व्यवहारांतले घोटाळे माहितीच्या अधिकारातून बाहेर काढणारे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यांचं नाव कुणा कार्यालयातून फुटलं नव्हतं. ते उघडपणेच लढत होते. पण उघडपणे लढणं हाच एक मार्ग उरतो तेव्हा फार थोडे लोक लढतात, आणि जे लढतात ते एकटे पडतात. गोपनीय वाट असण्याची गरज बाकीच्यांसाठी आहे. घरात लग्नाची मुलगी आहे, शेतात अद्रक उभी आहे, आणि तरीही ज्यांना मस्टरवर मेलेल्या माणसाचं नाव दिसलं आहे, अशा माणसांसाठी.

गोपनीयतेचा दुसरा लाभार्थी म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो कर्मचारी. त्याच्याबद्दलही इथे बोललं पाहिजे. गावातल्या सगळ्याच तक्रारी सार्वजनिक हिताच्या नसतात. भावकीतला बांध, ग्रामपंचायतीची पडलेली निवडणूक, नाकारलेलं ठेक्याचं बिल यांतूनही अर्ज निघतात. नियमाने वागून एखाद्या पुढाऱ्याच्या डोळ्यांत सलणारी ग्रामसेविका अशा अर्जाने वर्षभर बदनाम होऊ शकते. चौकशीअंती ती निर्दोष ठरली तरी ती बातमी पहिल्या बातमीइतकी लांब पोचत नाही. कायदा तिचंही नाव झाकतो, हे योग्यच आहे. माझी पत्रकार मित्रांना विनंती आहे की लोकायुक्तांकडे तक्रार ‘दाखल’ झाल्याची बातमी छापताना त्यांनी हे कलम एकदा वाचावं.

तपासकाचं मौन म्हणजे कायमचं मौन नव्हे, हे दाखवणारं महाराष्ट्रातलं उदाहरण तत्कालीन गृहनिर्माण मंत्री प्रकाश मेहता यांचं. मुंबईत ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंड पुनर्वसन प्रकल्पाच्या फाइलवर, मुख्यमंत्र्यांना अवगत केल्याचा शेरा मेहतांनी मारला होता. मुख्यमंत्र्यांनी तसं काही झालं नसल्याचं सांगितलं. २०१७ मध्ये प्रकरण लोकायुक्त न्यायमूर्ती ताहिलियानी यांच्याकडे गेलं. चौकशी कायद्याप्रमाणे बंद दाराआड झाली. २०१९ मध्ये लोकायुक्तांनी मेहतांच्या वागण्यावर ताशेरे ओढल्याचं बाहेर आलं, आणि त्याच जूनमध्ये ते मंत्रिमंडळातून गेले. फाइलवरची एक ओळ, ती खरी की खोटी हे तपासायला बोलावलेली माणसं आणि शेवटी लिहिलेला निष्कर्ष, एवढंच यात घडलं. मधल्या काळात रोज कुणी काय जबाब दिला हे छापून आलं असतं तर कुठल्या अधिकाऱ्याने मोकळेपणी जबाब दिला असता?

पण बंद दाराचा गैरफायदाही घेतला जातो, आणि तो दोन्ही बाजूंनी. आतून घेतला जातो त्याचं उदाहरण पुन्हा कर्नाटकातलं. २०१५ मध्ये, धाड टाळायची तर पैसे द्या असे फोन लोकायुक्त कार्यालयाच्या नावाने अधिकाऱ्यांना जात असल्याचं उघड झालं. लोकायुक्त भास्कर राव यांच्या मुलाला अटक झाली आणि वर्षअखेरीस रावांनी राजीनामा दिला. कोण तपासाखाली आहे ही माहिती विकता येते, असा हा आरोप होता. कर्मचाऱ्यांनाही गोपनीयतेत बांधणाऱ्या कलमाचं महत्त्व इथे कळतं. पहारेकऱ्याच्या कचेरीतला साधा टपाल कारकूनही कायद्याने तेवढाच बांधलेला असला पाहिजे जेवढे न्यायमूर्ती.

बाहेरून घेतला जातो तो गैरफायदा अधिक सभ्य दिसतो. सरकार अहवाल स्वीकारतं आणि ठेवून देतं. गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सांगितलं की आपण पाठवलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. त्यांत ८८ खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाचंही प्रकरण होतं. असं असेल तर ही संस्थाच बंद करावी, असंही ते म्हणाले. पुढच्याच वर्षी गोव्याच्या विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली, ती लोकायुक्तांचे अधिकार वाढवणारी नव्हती. चौकशी गुप्त, आणि निष्कर्षावर कृती शून्य, असं झालं की गोपनीयता तक्रारदाराचं रक्षण करणं सोडून सरकारची सोय बनते.

महाराष्ट्रातही कायदा बदलतो आहे. अण्णा हजारे यांचा अनेक वर्षांचा आग्रह, २०१९ मधलं राळेगणसिद्धीचं उपोषण, त्यानंतर सरकार आणि कार्यकर्त्यांची संयुक्त मसुदा समिती, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेने मंजूर केलेलं नवं लोकायुक्त विधेयक. विधानपरिषदेची मंजुरी डिसेंबर २०२३ ची. मुख्यमंत्री त्यात चौकशीच्या कक्षेत येतात, पण चौकशी सुरू करायला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. ज्या सभागृहात मुख्यमंत्र्यांचंच बहुमत असतं तिथे ही अट कोण पूर्ण करणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि तो रास्त आहे. केंद्राच्या २०१३ च्या लोकपाल कायद्यात तर पंतप्रधानांविरुद्धची चौकशी बंद खोलीत होईल आणि तक्रार फेटाळली गेली तर तिचे कागद कधीच प्रसिद्ध होणार नाहीत, असं लिहिलं आहे. मी गोपनीयतेच्या बाजूने इतकं लिहिलं, म्हणून इथे ठामपणे सांगतो की ही गोपनीयता मला मान्य नाही. ज्याच्याकडे सर्वाधिक सत्ता त्याच्याभोवती सर्वाधिक जाड पडदा, आणि पिशोरच्या अर्जदाराचा मोबाइल नंबर मात्र पृष्ठांकनासह उघडा, हा उलटा न्याय आहे. नावं झाकायची ती ज्याला इजा होऊ शकते त्याची. कारभाराचे कागद चौकशी संपल्यावर लोकांना दिसले पाहिजेत, मग तक्रार टिकलेली असो वा फेटाळलेली.

पुस्तिकेची रचना वाचकाला कळेल अशीच आहे. आधी कायदा सोप्या मराठीत, मग तक्रारीचे नमुने, मग कुठली तक्रार कुठे करायची याचा तक्ता: लोकायुक्त, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, रोजगार हमीचा तक्रार निवारण प्राधिकारी, माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. नमुने जसेच्या तसे उतरवू नयेत. माहितीच्या अधिकारात मस्टरची प्रत आधी मिळवा, तिच्यातल्या चुकीच्या नोंदीवर खूण करा आणि मगच अर्ज लिहायला बसा. गाऱ्हाणं असेल तर ती कृती तुम्हाला कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत, आरोप असेल तर ती कृती घडल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज पोचला पाहिजे. उशिराला सबळ कारण असेल तर ते अर्जातच लिहावं. ज्या प्रकरणात न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते तिथे लोकायुक्त सहसा हात घालत नाहीत, म्हणून तेही आधी तपासावं. अर्ज जिल्ह्याच्या उतरंडीतून न पाठवता स्पीड पोस्टाने थेट मुंबईला, मादाम कामा मार्गावरच्या नवीन प्रशासन भवनात पाठवा. वरच्या बाजूला ठळक लिहा की माझं नाव, पत्ता आणि फोन क्रमांक कुठल्याही पृष्ठांकनात उघड करू नये. पोस्टाची पावती, प्रतिज्ञापत्राची प्रत आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरात ठेवू नका. गावाबाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.